बिशानची नदी आणि विश्वामित्रीचा काठ : एका परदेशी अभ्यासदौऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वडोदऱ्यातल्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं आहे. विषय सार्वजनिक धोरण आणि नगरनियोजन, मुदत दोन वर्षांची. तिसऱ्या सेमिस्टरला दोन क्रेडिटचा एक पेपर होता : परदेशातल्या एका शहराचा प्रत्यक्ष जाऊन अभ्यास. त्याची समन्वयक मी होते. संस्थेचं नाव आणि विद्यार्थ्यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. निर्णय, त्यांचा क्रम आणि चुका मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

परदेशात जाऊन राज्यकारभार शिकणं बडोद्याला नवीन नाही. सयाजीराव गायकवाड १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले आणि पुढे जातच राहिले. १९०६ साली अमेरिकेत त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली. परत आल्यावर नुसतं कौतुक करून ते थांबले नाहीत. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना त्यांनी बोलावून घेतलं, तीन वर्षं इथे ठेवलं, माणसं तयार करून घेतली, आणि पेट्यांमधून गावोगाव पुस्तकं फिरू लागली. अभ्यासक्रमाच्या प्रस्तावात हा परिच्छेद मीच अभिमानाने लिहिला होता. त्याचा अर्थ मात्र मला दोन वर्षांनी कळला.

आमच्या अभ्यासाचा विषय होता विश्वामित्री. पावागडावरून उगम पावणारी ही नदी शहराच्या मधोमध वळणं घेत जाते. उन्हाळ्यात तिच्यात सांडपाणीच जास्त असतं. पावसाळ्यात वरच्या पाणलोटाचं पाणी, आजवा सरोवराचं पाणी आणि शहरातल्या कांसांचं पाणी एकाच वेळी येऊन मिळतं. (वडोदऱ्याबाहेरच्या वाचकांसाठी : पावसाचं पाणी नदीला नेऊन सोडणाऱ्या मोठ्या नाल्याला इथे 'कांस' म्हणतात.) ३१ जुलै २०१९ रोजी शहरात २४ तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काय झालं हे आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरात कुणी ना कुणी सांगू शकत होतं. शिवाय या नदीत मगरी आहेत, त्याही शेकड्यांनी, आणि भर शहरात.

प्रश्न

२०२३च्या पावसाळ्यात पेपरला मंजुरी मिळाली. १४ विद्यार्थी आणि दोन शिक्षक असा गट ठरला, दौरा जानेवारी २०२४ मध्ये. एका ट्रॅव्हल एजंटने सिंगापूरसाठी माणशी १ लाख १८ हजारांचा अंदाज दिला. नऊ दिवसांपैकी साडेतीन दिवस अभ्यासाचे, बाकी सेंटोसा, युनिव्हर्सल स्टुडिओ, रात्रीचा रोषणाईचा कार्यक्रम आणि खरेदी. पालकसभेत एक वडील म्हणाले, "मॅडम, एवढे पैसे घालतोय, तर मुलांनी थोडं बघायला नको का?" त्यात चुकीचं काही नव्हतं. त्यांच्या घरातून परदेशी जाणारा तो पहिलाच मुलगा होता.

खरी अडचण दुसरीच होती. १४ पैकी एका मुलीला हे पैसे उभे करणं शक्यच नव्हतं. कुटुंब मूळचं खानदेशातलं, दोन पिढ्या वडोदऱ्यात, वडिलांची भाजीची लारी, घर विश्वामित्रीच्या काठावरच्या सखल वस्तीत. वर्गात नदीबद्दल जे बोलणं चालायचं त्यातलं निम्मं तिला पुस्तक न उघडता माहीत होतं. आणि पेपर सक्तीचा होता. सक्तीच्या पेपराला लाखभर रुपयांचं तिकीट लावलं की काय होईल, हा विचार मंजुरीच्या वेळी आमच्यापैकी कुणीही केला नव्हता. मीसुद्धा नाही.

समोर काय काय पर्याय होते

शहर कोणतं, इथून सुरुवात झाली. माझं मन कोपनहेगनकडे होतं. २ जुलै २०११ रोजी तिथे दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला, तळघरं आणि रस्ते बुडाले, आणि पुढच्याच वर्षी शहराने ढगफुटीसाठी वेगळा आराखडा केला. रस्ते, चौक आणि बागा पावसाचं पाणी तात्पुरतं धरतील अशा घडवायच्या, ही त्यातली मुख्य कल्पना. आमच्या प्रश्नाला ते उदाहरण जवळचं होतं. पण शेंगेन व्हिसाच्या तारखा मिळेनात आणि खर्च जवळजवळ दुप्पट होत होता.

सिंगापूर परवडणारं होतं आणि तिथे एक थेट धागाही होता. बिशान-अंग मो किओ उद्यानातून कल्लांग नदीचा सरळ काँक्रीटचा कालवा जायचा. २००९ ते २०१२ या काळात तो कालवा फोडून नदीला पुन्हा वळणं दिली. २.७ किलोमीटरचा कालवा ३.२ किलोमीटरची नदी झाला. १७ ते २४ मीटर रुंदीच्या कालव्यातलं पाणी आता मोठ्या पावसात १०० मीटरपर्यंत पसरू शकतं. एरवी त्या उतारावर लोक डबा उघडून बसतात, पाऊस आला की तीच जागा नदीची. कमाटीबागेच्या (वडोदऱ्यातल्या सयाजीबागेच्या) मधून वाहणारी विश्वामित्री डोळ्यांसमोर असलेल्या कुणालाही हे चित्र पाहून हुरूप येईल.

दुसरा निर्णय एजंटचा. संस्थेच्या नावाने एकगठ्ठा पॅकेज घेतलं तर रक्कम ७ लाखांच्या वर जात होती, आणि ऑक्टोबर २०२३ पासूनच्या नियमाने परदेशी पॅकेजवर ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने पैसे घेतानाच गोळा करायचा आयकर, लागत होता. परतावा मिळतो, पण विवरणपत्र भरल्यानंतर. म्हणून पॅकेज सोडून विमान, हॉस्टेल आणि भेटी आम्ही स्वतः ठरवल्या. सेंटोसा आणि स्टुडिओ वगळले, मुक्काम दोन दिवसांनी कमी केला, आणि खर्च माणशी ९२ हजारांवर आला. हे काम दोन महिने चाललं. तो वेळ भूगोल आणि धोरण शिकवण्यातून गेला, ही त्याची किंमत.

तिसरा पर्याय एका सहकाऱ्याने सुचवला होता : कॉर्पोरेशनच्या पावसाळी गटार विभागातला एक इंजिनियर सोबत घ्यावा. सरकारी नोकराच्या परदेश प्रवासाला परवानगी लागते, कागद बऱ्याच टेबलांवरून फिरतो, आणि आमच्या हातात तीन महिने होते. आम्ही अर्ज न करताच तो विचार सोडला. त्या बैठकीत या मुद्द्यावर पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. आज मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महाग पडलेला निर्णय वाटतो.

आणि चौथा, त्या मुलीचा. पर्याय तीन होते. तिचा खर्च १३ जणांत वाटून घ्यायचा, देणगी शोधायची, किंवा तिला इथेच राहून समांतर काम द्यायचं. खर्च वाटायला दोन पालकांचा विरोध होता. देणगीसाठी मी तीन ठिकाणी शब्द टाकला, वेळ कमी पडला. शेवटी तिसरा पर्याय घेतला. तिने आठ दिवस वस्तीत आणि कांसांच्या काठाने फिरून नोंदी करायच्या, गटाला फोनवर पाठवायच्या, आणि क्रेडिट पूर्ण मिळणार. तिला विचारलं तेव्हा ती "चालेल मॅडम" म्हणाली. नाही म्हणण्याची जागा आम्ही तिला ठेवलीच कुठे होती?

काय केलं, तिकडे काय दिसलं

जानेवारी हा सिंगापूरला ईशान्य मोसमी पावसाचा काळ. आम्ही बिशानला गेलो त्याच दुपारी पाऊस आला. सुरुवातीला मुलं छत्र्या उघडून फोटो काढत होती. मग नदीकाठच्या खांबांवरचे दिवे लागले, ध्वनिक्षेपकावरून सूचना सुरू झाली, आणि काठावरची माणसं शांतपणे वर चढून आली. पाणी चढलं, उतारावरचं गवत बुडालं. पाऊस थांबल्यावर ते तितक्याच शांतपणे उतरू लागलं. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. मी वर्गात पूर-पूर्वसूचनेवर तीन तास बोलले होते; त्या अर्ध्या तासाची बरोबरी ते करू शकणार नाहीत. प्रवास करून अभ्यास करण्यात काही अर्थ आहे असं मला आजही वाटतं, ते त्या दुपारमुळे.

एका विद्यार्थ्याने तिथल्या अधिकाऱ्यांना मगरीचं विचारलं. काठ असा उतरता, लोक पाण्यापर्यंत जातात, मग नदीत मगर असेल तर काय करता? त्यांनी पाणमांजरांबद्दल सांगितलं. इथे मगर हा प्रश्न नाही, म्हणाले. आमच्या वहीत त्या ओळीखाली काहीच लिहिलं गेलं नाही. तिथेच थांबायला हवं होतं, कारण पायऱ्या आणि उतरते काठ आमच्या आराखड्यात तसेच आले, मगरींसह.

मरीना बराजला दुसरा धडा होता. २००८ साली बांधलेल्या या बंधाऱ्याला नऊ दरवाजे आहेत. ओहोटी असेल तर ते उघडतात. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला तर सात पंप पाणी समुद्रात टाकतात. मुलांना पंप आवडले. विचारायचा प्रश्न वेगळा होता : उघडायचं हे ठरवतं कोण? सिंगापूरमध्ये २००१ साली सांडपाणी आणि पावसाळी निचरा ही दोन्ही खाती पाणीपुरवठ्याच्या संस्थेकडे, म्हणजे 'पब'कडे (पब्लिक युटिलिटीज बोर्ड), आणली गेली. नळाचं पाणी, गटाराचं पाणी, पावसाचं पाणी, सगळ्याला एकच घर जबाबदार. बिशानचं उद्यानही 'पब' आणि उद्यान खात्याने एकत्र मिळून केलं. दुरुस्तीचा खर्च कोण करणार, अपघात झाला तर उत्तर कोण देणार, हे आधी ठरलं, मग काँक्रीट फोडलं.

आता आपल्याकडे पाहू. आजवा कॉर्पोरेशनकडे. वरचे बंधारे आणि कालवे सिंचन खात्याकडे. नदीपात्राची जमीन महसूल खात्याकडे. मगरी वनखात्याकडे. ही यादी आम्ही निघण्यापूर्वी लिहून नेली असती तर बराजच्या त्या भेटीत अगदी नेमके प्रश्न विचारले असते. आम्ही ती परतल्यावर लिहिली.

सिंगापूर नदीच्या स्वच्छतेचा इतिहासही मुलांनी ऐकला. १९७७ साली ली क्वान यू यांनी दहा वर्षांची मुदत घातली, १९८७ पर्यंत काम झालं. मालवाहू होड्या पासीर पांजांगला हलवल्या, रस्त्यावरचे विक्रेते बांधलेल्या केंद्रांत गेले, सुमारे २६ हजार कुटुंबांचं सरकारी घरांत पुनर्वसन झालं. त्या संध्याकाळी हॉस्टेलच्या जेवणघरात जोरदार वाद झाला. एक मुलगा म्हणाला, हेच करायला हवं, काठ मोकळा करा. दुसरी म्हणाली, तिथे आधी घरं बांधलेली होती, जमीन संपादनाचा १९६६चा कायदा सरकारच्या हाती होता, आणि आपल्याकडे काठ मोकळा झाला की माणसं शहराबाहेर फेकली जातात, कामापासून दहा किलोमीटर लांब. वाद रात्री अकरापर्यंत चालला. ज्या मुलीच्या घराबद्दल हा वाद होता ती त्या जेवणघरात नव्हती. तिने त्या दिवशी पाठवलेल्या नोंदी (कुठल्या कांसाचं तोंड बांधकामाच्या राडारोड्याने अर्धं बुजलंय, कुठल्या घराचा उंबरठा किती विटांनी उचललाय) फोनवर न वाचलेल्या पडून होत्या.

पहिला निकाल आणि ऑगस्टचं पाणी

मार्चमध्ये गटाने अहवाल सादर केला. कमाटीबागेच्या पट्ट्यात बिशानसारखा उतरता काठ, चालण्याची वाट, दगडी पायऱ्या. चित्रं सुरेख होती. परीक्षकांनी भरभरून गुण दिले, मीही दिले.

ऑगस्ट २०२४ अखेरीस विश्वामित्री धोक्याच्या २५ फुटांच्या पातळीवरून ३५ फुटांच्या वर गेली. शहराचे मोठे भाग दोन-तीन दिवस पाण्याखाली होते. वीज नाही, पिण्याचं पाणी नाही, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये तरंगणाऱ्या गाड्या. शहरातल्या अकोटा भागात एका घराच्या छपरावर मगर चढून बसल्याचा फोटो देशभर गेला. आमच्या १४ पैकी सहा घरांत पाणी शिरलं. त्या मुलीचं घर छताखाली हातभर उरेपर्यंत बुडालं. माणसं वाचली, लारी गेली.

सप्टेंबरमध्ये वर्ग भरला तेव्हा आम्ही अहवाल पुन्हा काढला. सुचवलेला उतरता काठ त्या पाण्यात कुठे असता? वीस फूट खाली. कल्लांग ही सिंगापुरातली सर्वांत लांब नदी, पण लांबी दहा किलोमीटर. तिचा सगळा पाऊस त्याच शहरात पडतो आणि वर्षभर पडतो. विश्वामित्रीचं पाणी पावागडाच्या बाजूने, शहराबाहेरच्या पाणलोटातून आणि सरोवराच्या दरवाज्यांतून येतं, आणि वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस तीन-चार महिन्यांत उरकतो. बागेतला काठ कितीही सुंदर केला तरी वरून येणाऱ्या पाण्याचा प्रश्न तिथे सुटत नाही. हे कळायला सिंगापूरला जायची गरज नव्हती. आजव्याला जायला हवं होतं, आणि तिथे आम्ही एकदाही गेलो नव्हतो.

बराजच्या भेटीच्या वेळी केलेली प्रश्नपत्रिका मी वर्गात पुन्हा वाटली, यावेळी वडोदऱ्यासाठी. एक प्रश्न असा होता : रात्री पाणी सोडायचं ठरलं तर काठावरच्या माणसाला कोण आणि किती आधी सांगतं? बहुतेकांनी खात्यांची नावं लिहिली. त्या मुलीने लिहिलं, "शेजारच्या काकांनी दार वाजवलं. तेव्हा पाणी गुडघ्याला होतं."

पुढचा निर्णय

जानेवारी २०२५चा दौरा करायचा की नाही, यावर ऑक्टोबरमध्ये दोन बैठका झाल्या. एका बाजूचं म्हणणं : शहर चिखल उपसतंय, पालकांकडे पैसे नाहीत, परदेश बंद करा. दुसऱ्या बाजूचं : हॉस्टेलच्या जेवणघरातला वाद आणि बिशानची ती दुपार वर्गात घडली नसती, मग चूक दौऱ्याची की तयारीची? मी दुसऱ्या बाजूने होते, तरीही मत पहिल्या बाजूला दिलं. तयारीशिवाय पुन्हा जाणं मला पटत नव्हतं.

त्या वर्षी परदेशाऐवजी दोन आठवडे नदी चाललो. आजव्याच्या ६२ दरवाज्यांपासून सुरुवात, शेवट शहराच्या खालच्या टोकाला वडसरकडे. कांसांचे नकाशे हाताने काढले. त्याच सुमाराला नदी रुंद आणि खोल करण्याच्या सरकारी कामाची चर्चा सुरू होती, पावसाळ्याआधी ते झालंही. काठाची झाडं, मगरींची बिळं आणि पाण्याचा वेग या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध कशा ओढतात हे मुलांनी जागेवर पाहिलं. वनखात्यातले एक जुने कर्मचारी सोबत होते. बिळांची तोंडं काठाच्या कुठल्या उंचीवर असतात आणि अंडी घालायचा हंगाम कोणता, हे त्यांनी काठीने दाखवलं. बिशानच्या वहीत रिकामी राहिलेली ओळ तिथे भरली.

पेपरची सक्तीही काढली. आता इथला नदीचा अभ्यास सक्तीचा आहे आणि परदेश दौरा ऐच्छिक. दौऱ्याच्या शुल्कात प्रत्येकाचे काही हजार रुपये एका सामायिक निधीत जातात, आणि तो निधी प्रवेशाच्या वेळीच सांगितलेला असतो. ऐन वेळी वर्गात हात पसरून कुणाचा मान जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

पुन्हा करायचं तर

त्या मुलीला इथे ठेवून तिच्याकडून नोंदी मागवल्या, याला त्या वेळी मी सोय म्हणत होते. ती सोय आमची होती. तिच्या वस्तीची माहिती १३ जणांच्या अहवालाचा कच्चा माल झाली आणि प्रवासाचा अनुभव त्यांचा झाला. खर्च माणशी सात हजारांनी वाढला असता तर ती आली असती. विरोध करणाऱ्या दोन पालकांच्या घरी जाऊन मी बसायला हवं होतं. मी फक्त फोन केला. हे मी तिला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मला जेवणघरातल्या वादात बोलायचं होतं."

इंजिनियरसाठी अर्ज करायला हवा होता. कदाचित नामंजूर झाला असता. पण सयाजीरावांनी बॉर्डनना बोलावलं तेव्हा शिकणाऱ्याला आणि करणाऱ्याला एका खोलीत बसवलं होतं. आमच्या दौऱ्यात सगळे शिकणारेच. अहवाल कुणाच्या टेबलावर जाणार हे निघताना माहीत नव्हतं, परतल्यावरही कळलं नाही. पुढच्या तुकडीसोबत पावसाळी गटार विभागातून निवृत्त झालेले एक इंजिनियर यायला तयार झाले आहेत. खर्च निधीतून. मुलांना ते आधीच कामाला लावतात : "तिथे पंप किती मोठा हे विचारू नका, तो चालवणाऱ्याची रात्रपाळी कोण लावतो ते विचारा."

गुण देण्याची पद्धतही बदलली. चित्रांना आता गुण नाहीत. प्रत्येक गटाने दोन शहरांसाठी एकच तक्ता भरायचा : निर्णय कोणाचा, पैसा कोणाचा, जमीन कोणाची, चूक झाली तर उत्तर कोणाचं. वडोदऱ्याचा रकाना निघण्याच्या एक महिना आधी भरून दाखवला नाही, तर जाता येत नाही. या वर्षी दोन गट अडले आहेत, दोन्ही 'जमीन कोणाची' या रकान्यावर. तलाठ्याकडे आणि कॉर्पोरेशनकडे मिळालेले नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत.

ती मुलगी आता शिकून बाहेर पडली आहे आणि एका सर्वेक्षणाच्या कामावर आहे. मे महिन्यात तिने जुन्या वर्गातल्या चौघांना बोलावून वस्तीतल्या विजेच्या खांबांवर २०१९ आणि २०२४च्या पाण्याच्या खुणा रंगवल्या. खाली एक फोनसाखळी लिहिली आहे, कोणी कोणाला उठवायचं त्याची. पहिला नंबर त्या शेजारच्या काकांचा आहे. वॉर्ड ऑफिसचा नंबरही त्यात असावा म्हणून तिने अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर अजून यायचं आहे.